मागच्या खोलीतला कोबा

वीज आता सकाळशिवाय येत नाही. मघाशी ट्रान्सफॉर्मरचा आवाज ऐकलात ना? मग आत बसून उकडून घेण्यात काय अर्थ आहे. खुर्च्या इथे दारातच आणा. गास्पार, ती धुरी जरा वाऱ्याच्या तोंडाला सरकव, सगळे डास माझ्याच पायांवर आलेत. आणि नोएमी, तू अशी समोर बस. सोमवारपासून किनाऱ्यावरच्या घराची राखण करायला जाणार म्हणे तू? रात्रपाळी? तुझ्या आईनं सांगितलं. जा, माझी ना नाही. पण जायच्या आधी विल्बेर्तोचं काय झालं ते ऐकून जा.

विल्बेर्तो कान्चे, माझा साडू. आता लेकीकडे असतो, वायादोलिदला. कधी गेलात तर विचारून बघा. सांगणार नाही तो. मलाही एकदाच सांगितलं. आणि शेवटचं जे आहे ते मी स्वतः पाहिलं, म्हणून बोलतोय.

सन दोन हजार एकोणीस. एप्रिलची सतरा तारीख. गुड फ्रायडेच्या आधीचा बुधवार. त्या वर्षी समुद्रानं शेवाळ ओकलं होतं, आठवतंय? गुडघाभर, तपकिरी, पार वाळूवर. ते उन्हात कुजायचं, आणि नासक्या अंड्यांचा वास थेट इथपर्यंत यायचा.

संध्याकाळी सहाला विल्बेर्तो गॅसची टाकी मोटरसायकलला बांधत होता. किनाऱ्यावरच्या त्याच घरातून फोन आला होता, गॅस संपलाय म्हणून. बायको म्हणाली, "जेवून जा की." तो म्हणाला, "नवाच्या आत येतो. घेवडा झाकून ठेव." बस. एवढंच काम. बावीस किलोमीटर जायचं, टाकी लावायची, परत यायचं.

ते घर त्यानंच बांधलेलं. म्हणजे मिस्त्री तोच होता. बांधून झाल्यावर मालकानं किल्ल्या त्याच्याच हातात दिल्या, राखण कर म्हणून. मालक लांब राहायचा. सुट्ट्यांना घर भाड्यानं जायचं.

आता यातली एक गोष्ट विल्बेर्तोनं तोवर कोणालाच सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

घर बांधायच्या आधी त्या जागेवर, मागच्या अंगाला, एक उंचवटा होता. झाडोऱ्यानं झाकलेला. असे उंचवटे आपल्याकडे कुठे नाहीत? बाहेरून आलेला इंजिनिअर म्हणाला, सपाट करा. मशीन लावलं. पहिल्याच दणक्याला आतून घडीव दगड निघाले. दुसऱ्याला... माणूस. गुडघे पोटाशी घेतलेला, तोंडावर मातीचा वाडगा पालथा घातलेला. आपल्या जुन्या लोकांनी निजवलेला माणूस.

कायदा तुम्हाला माहीत आहे. सरकारी लोकांना कळवायचं. आणि कळवलं की काम बंद, वर्षभर तरी. इंजिनिअरनं विल्बेर्तोकडे पाहिलं. म्हणाला, "मागच्या खोलीच्या जोत्यात भर कमीच पडतेय ना?"

विल्बेर्तोनं फावडं घेतलं. हाडं, वाडगा, दगड, सगळं एकत्र जोत्यात लोटलं. वर काँक्रीट. वर कोबा. कोबा असा घोटला की त्यात तोंड दिसावं. हात चांगला होता त्याचा.

तर त्या बुधवारी तो सातच्या सुमाराला पोचला. चंद्र वर आलेला, पुनवेला दोन दिवस. घरात मॉन्तेरेचं एक कुटुंब उतरलं होतं. नवरा रोहेलिओ, धिप्पाड, ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान असलेला. बायको मिरेया, लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स. मुलगी रेनाता दहा वर्षांची, मुलगा इकेर सहाचा. रविवारी आलेले. सोमवारी तुलूमचे पडके वाडे बघून झाले, मंगळवारी मुयिलची देवळं. बाकी दिवस समुद्रात डुंबायचं ठरवून आले होते, आणि समुद्र हा असा.

रोहेलिओ दारातच उभा होता.

"आलात? वाटलं उद्या उगवाल."

"लांबून येतो साहेब. रस्ता..."

"रस्ता, शेवाळ, वास, गॅस. तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार असतं. फोटोत पांढरी वाळू दाखवता आणि इथे आल्यावर हे गटार!"

"समुद्र माझ्या हातात नाही साहेब."

"उलट बोलू नका. टाकी लावा."

विल्बेर्तोनं टाकी लावली. शेगडी पेटवून बघितली. हात पुसत बाहेर येतोय तोवर मुलगी मागून आली. हळूच म्हणाली, "काका, खाली कोण राहतं?"

"कुठं खाली?"

"मागच्या खोलीच्या खाली. रात्री ठोकतात."

विल्बेर्तो मला म्हणाला, "भाऊ, मला तिथल्या तिथे कळलं. पण तोंडानं मी म्हटलं, खेकडे असतील, बाळ."

"खेकडे मोजून ठोकत नाहीत," ती म्हणाली. "मी मोजलंय. दर वेळी तेवढेच. मी तिथे झोपत नाही आता, सोफ्यावर झोपते. इकेरला पप्पा सोडत नाहीत."

मिरेया दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "तीन रात्री झाल्या. मुलगा सकाळी उठतो तो तोंड कोरडं ठाक. जग भरून पाणी पितो आणि सांगतो, तोंडात काहीतरी होतं. मी तपासलं. काही नसतं."

विल्बेर्तोनं तोंड उघडलं. सांगायला, बाई, त्या खोलीत कोणाला झोपवू नका. मग त्याला दिसला तुरुंग. गेलेली नोकरी. गावातली तोंडं. त्यानं एवढंच म्हटलं, "आज मुलाला पुढच्या खोलीत घ्या. मागं दमट आहे."

रोहेलिओनं ऐकलं. "अच्छा! आता कळलं. पाहुण्याला घाबरवायचं, तो दोन दिवस आधी पळाला की घर दुसऱ्याला द्यायचं. ठोकणारा तुमचाच कोणीतरी आहे."

"देवाशप्पथ नाही साहेब."

"मग एक करा. आज इथेच झोपा. व्हरांड्यात झोळी बांधा. ठोकलं की तुम्ही आणि मी मिळून त्याला धरू. नाही ठोकलं, तर मला माझं उत्तर मिळालं."

"घरी वाट बघतायत..."

"किल्ल्या तुमच्याकडे असतात ना? मालकाला आत्ता फोन लावू?"

विल्बेर्तोनं झोळी बांधली. मुलगा आतून रडत होता, मला आईजवळ झोपायचंय. बापाचा आवाज आला, "सहा वर्षांचा घोडा झालास. पुरुषासारखा झोप." दार ओढल्याचा आवाज झाला. दिवे मालवले गेले.

गास्पार, हसतोस कशाला? तुझा बाप वेगळा होता का?

रात्र सरकत होती. वारा पडलेला. वास असा की घशाला झोंबावा. चांदणं शेवाळावर पडलेलं, आणि ते शेवाळ लाटेबरोबर वर-खाली होत होतं, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखं. विल्बेर्तोचा डोळा लागला नाही. तो मनाशी म्हणत होता, खेकडेच असतील.

अकरा चाळीसला ठोकलं.

घड्याळ बघितलं त्यानं. हातातलंच होतं. आवाज जमिनीतून आला. झोळीच्या दोरीतून त्याच्या पाठीत आला. एक. मग थांबून एक. मग एक. घाई नव्हती त्या आवाजात.

रोहेलिओ टॉर्च घेऊन धावत बाहेर आला. व्हरांड्यात विल्बेर्तो, झोळीत, दोन्ही हात छातीवर. टॉर्च त्याच्या तोंडावर. बाहेर कोणी नाही. वाळूवर पाऊल नाही. आवाज चालूच.

"हे कसं करताय तुम्ही?" रोहेलिओ म्हणाला. पण आवाज आता तेवढा मोठा नव्हता.

मग आवाज थांबला. आणि आतून मुलगा बोलायला लागला.

सांगतो कसा बोलला. तो मॉन्तेरेचा पोरगा. स्पॅनिशशिवाय शब्द येत नव्हता त्याला. तो आपल्या बोलीत बोलत होता. आपण आता बोलतो तशी अर्धी स्पॅनिश मिसळून नव्हे. माझी पणजी बोलायची, त्याहून जुनी. काही शब्द विल्बेर्तोलाही लागले नाहीत. जे लागले ते असे:

"हा भार माझिया मुखावरी कोणी ठेविला?"

विल्बेर्तो झोळीतून खाली पडला.

"भार फार जाहला. काढा."

मिरेया ओरडत खोलीत शिरली. मागोमाग रोहेलिओ, मागोमाग विल्बेर्तो. मुलगा उताणा पडलेला. डोळे उघडे. ओठ हलत नव्हते. आणि आवाज येतच होता.

"तो आला आहे. त्याच्या हातांस दगडाच्या पिठाचा वास येतो. त्यास आत आणा."

रोहेलिओनं विचारलं, "काय म्हणतोय? काय म्हणतोय तो?"

विल्बेर्तो मागे सरला.

"तुम्ही शिकवलंत त्याला! माझ्या पोराला तुम्ही..." आणि त्यानं विल्बेर्तोच्या कानाखाली वाजवली. मोठा हात होता. विल्बेर्तो भिंतीवर आदळला. भिंतही त्यानंच बांधलेली.

"रोहेलिओ!" मिरेयाची किंकाळी. "याला उचल. श्वास बघ याचा. छाती वर येत नाहीये."

रोहेलिओ वाकला. मुलाच्या पाठीखाली हात घातले. उचललं.

मुलगा हलला नाही.

परत उचललं. मानेच्या शिरा फुगल्या. मुलगा हलला नाही. सहा वर्षांचं पोर, वीस-बावीस किलोचं. पलंगाची एक फळी मोडली. मग दुसरी. गादी खाली टेकली. मुलगा तिच्यात रुतत चालला होता... जसं त्याच्यावर कोणी काही ठेवत होतं. एकावर एक.

मिरेया तोंडाला तोंड लावून फुंकर घालत होती. नर्स होती ती, शेकडो पोरांना तिनं असा श्वास दिलेला. तिनं वर बघितलं. "आत जात नाहीये. याचं तोंड... भरलेलं आहे. काही दिसत नाही, पण भरलेलं आहे."

ओठ निळे पडत होते.

तेव्हा विल्बेर्तो पळाला. हो. पळाला. त्यानं मला हे लपवलं नाही. दारातून बाहेर, मोटरसायकलपर्यंत. किल्ली लावली. मग त्या मुलीनं, रेनातानं, सोफ्यावरून विचारलं. ओरडून नाही. नुसतं विचारलं.

"काका, तुम्हाला माहीत आहे ना, खाली कोण आहे?"

त्यानं किल्ली काढली. मागच्या शेडमध्ये गेला. पहार घेतली. घण घेतला. थापी कमरेला खोचली.

तो आत आल्यावर रोहेलिओ मध्ये आला. हातात पहार असलेला माणूस मुलाच्या खोलीत शिरतोय, कोण मध्ये येणार नाही? "पुढे याल तर मारून टाकीन."

विल्बेर्तो म्हणाला, "खाली माणूस आहे. मी पुरला. त्याच्या तोंडावर सिमेंट आहे. बाजूला व्हा."

रोहेलिओ जागचा हलला नाही.

मग मिरेया म्हणाली, "फोडू दे."

"अगं हा वेडा..."

"फोडू दे त्याला!"

पलंगाच्या पायथ्याशी पहिला घण बसला. कोबा चिरला नाही. चांगला हात होता ना त्याचा. दुसरा. तिसरा. तुकडा उडाला, त्याच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात. चौथा... मिरेया मोठ्यानं सांगत होती, "नाही... नाही... अजून नाही..." पाचव्याला पहार आत गेली. मग रोहेलिओनं पहारेचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून काँक्रीटचा लांबडा तुकडा उचकटला.

मुलानं एक श्वास घेतला. अर्धा. मग परत बंद.

विल्बेर्तो गुडघ्यावर पडला. हातांनी उकरायला लागला. दगड. वाळू. वाडग्याचा तुकडा. हाड. दगड. नखं गेली. रोहेलिओ टॉर्च धरून उभा.

मग कवटी.

ती वर तोंड करून नव्हती. अशीच, कुठेही, कशीही. त्यानं लोटली होती तशी. तोंडाचा जबडा उघडा. आणि त्यात सिमेंट. ओतताना गेलेलं. घट्ट.

"काढ," मिरेया म्हणाली. एकेरीवर आली होती ती. "काढ ते."

त्यानं थापीच्या टोकानं काढायला घेतलं. निघेना. थापी टाकली. बोट घातलं. ओढलं. कण... कण... मग सगळा खडा एकदम सुटला. एवढा. मुठीत मावेल एवढा.

पलंगावरून आवाज आला.

रडण्याचा. पोराच्या स्वतःच्या आवाजातला. "मम्मी."

रोहेलिओनं त्याला उचललं. एका हातानं उचललं. हलकं पोर. कापसासारखं.

तासाभरात ते निघाले. बॅगा अर्ध्या तिथेच. गाडी चालू होती, रोहेलिओ स्टिअरिंग धरून समोर बघत होता. विल्बेर्तोकडे त्यानं पाहिलं नाही. मिरेया मात्र उतरली. परत आली. विल्बेर्तो पायरीवर बसला होता, हात रक्तानं भरलेले. त्याला वाटलं ती आभार मानेल. नर्स आहे, हातांना पट्टी बांधेल.

ती म्हणाली, "मी संध्याकाळी तुला सांगितलं होतं. दारात उभं राहून सांगितलं होतं."

तो म्हणाला, "हो."

"तुला तेव्हाच माहीत होतं."

"...हो."

"तरी तू माझ्या पोराला त्याच्यावर झोपू दिलंस."

त्यानं हात गुडघ्यांमध्ये दडवले.

"तुला कधी झोप लागू नये," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

लागत नाही. खरंच लागत नाही त्याला. लेक सांगते, रात्रभर अंगणात खुर्ची टाकून बसतो.

उजाडेपर्यंत तो उकरत होता. सगळी हाडं वेचली, वाडग्याचे तुकडे वेचले, चादरीत बांधली, आणि तसाच गावात आला. तेव्हा मला कळलं. आम्ही दोघं भगताकडे गेलो. म्हाताऱ्या लादिस्लाओकडे, तेव्हा होता तो. त्यानं गाठोडं उघडलं नाही. नुसता हात ठेवला त्यावर. म्हणाला, "मी याला शेताच्या कडेला निजवेन. मक्याचं पाणी देईन, जे करायचं ते सगळं करेन. पण विल्बेर्तो, हा पाहुणा आहे माझ्या शेतात. याचं घर तू मोडलंस. ते मी कुठून आणू?"

निजवलं त्याला. गुड फ्रायडेला, दुपारी. विल्बेर्तोनं स्वतः खड्डा खणला. मी होतो तिथे.

नोएमी, पाणी हवंय का? मग अशी का बघतेस? थोडंच राहिलंय.

मालकाला विल्बेर्तोनं फोनवर सगळं सांगितलं. मालक हसला. मग चिडला. म्हणाला, कोबा फोडलास, आता किल्ल्या आणून दे. पण घर पुन्हा भाड्यानं गेलं नव्हतं. शेवाळामुळे सगळा किनाराच ओस पडला होता. विल्बेर्तो आज जातो, उद्या जातो, करत राहिला. पाच आठवडे गेले. शेवटी मे महिन्याच्या बावीस तारखेला, बुधवारच होता, मला म्हणाला, "भाऊ, तू चल. बॅगा काढू, कुलूप लावू, किल्ल्या पाठवून देऊ." दुपारी बाराला गेलो. भर उन्हात. मुद्दाम.

कुलूप त्याचंच. गंज चढला होता, तेल घालावं लागलं. खिडक्या आतून बंद. दारात वाळू साचलेली, तिच्यावर पाऊल नाही. आत कोंदट हवा. सोफ्यावर मुलीची उशी तशीच.

मागच्या खोलीचं दार मी ढकललं. विल्बेर्तो माझ्या मागे होता.

पलंग भिंतीला लावलेला होता. मोडक्या फळ्या एका कोपऱ्यात रचलेल्या. सिमेंटचा एक तुकडा नव्हता कुठे. आणि फोडलेली जमीन... भरलेली होती. सिमेंटनं नाही. चुन्यानं. लालसर चुना, दगडानं घोटलेला. आता कोणाला येत नाही तसं काम. विल्बेर्तो मिस्त्री आहे, तीस वर्षं हे करतो. तो म्हणाला, "मला हे जमणार नाही, भाऊ. आता कोणालाच जमणार नाही."

सगळी भरलेली नव्हती. मधोमध एक खड्डा ठेवला होता. गोलसर. कडा नीट केलेल्या. आत उतरून, गुडघे पोटाशी घेऊन एक माणूस बसेल, एवढा. तळ झाडून काढलेला.

आत काही नव्हतं.

मी वाकलो. कडेला बोट लावलं.

चुना ओला होता.